लिबरेल्पचं पॅकेज बांधताना : लाइट गेली तरी नोंद पोचली पाहिजे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या शेडमध्ये लूमच्या ओळीशेजारी एक छोटी संगणक-पेटी बसवलेली असते. माग थांबला की ती नोंद पाठवते : कोणता माग, किती वाजता, धागा तुटला म्हणून की वीज गेली म्हणून. त्याच लाइनवरून राउटर, फायरवॉल आणि हजेरीच्या मशीनचे लॉगही शहरातल्या मुख्य सर्व्हरवर येतात. नोंदींची खरी गरज पडते ती काहीतरी बिघडल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी लाइनही बिघडलेली असते. लाइट गेली, स्विच बंद झाला, लिंक तुटली, की शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या नोंदी गायब. मालकाला मात्र तेच अर्धं मिनिट हवं असतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनंतर याला कायद्याचीही बाजू आली. यंत्रणांचे लॉग चालू ठेवा, मागच्या १८० दिवसांचे सांभाळा, घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पोचलाच नाही तो लॉग सांभाळणार कसा?

यासाठी आम्ही रेल्प (रिलायबल इव्हेंट लॉगिंग प्रोटोकॉल, म्हणजे पावती घेऊन लॉग पाठवण्याची पद्धत) वापरतो, आणि त्याची सी भाषेतली लायब्ररी म्हणजे लिबरेल्प. तिचं डेबियन पॅकेज स्वतः बांधून शेडमधल्या पेट्यांवर आणि सर्व्हरवर चढवण्याचं काम आम्ही केलं. त्यात काय काय करावं लागतं आणि कुठे अडकायला होतं, ते इथे मांडतो आहोत. वाचणाऱ्याला लिनक्सची कमांड लाइन आणि सी प्रोग्राम कंपाइल करणं माहीत आहे, असं धरलं आहे.

आधी रेल्पच का, ते थोडक्यात. सिसलॉग म्हणजे नेटवर्कवरून लॉग पाठवण्याची रूढ पद्धत. जुना सिसलॉग यूडीपीच्या ५१४ पोर्टवर जातो. पाकीट हरवलं तर पाठवणाऱ्यालाही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. ‘मग टीसीपी वापरा’ असं सहज सुचवलं जातं, पण साध्या टीसीपीवरच्या सिसलॉगमध्ये एक लपलेली फट आहे. प्रोग्रामने ‘सेंड’ केलं आणि उत्तर ‘यशस्वी’ आलं, याचा अर्थ एवढाच की मजकूर आपल्याच मशीनच्या कर्नलच्या बफरमध्ये उतरला. पलीकडे पोचला की नाही, हे त्यातून कळत नाही. लिंक तुटली की बफरमधलं सगळं जातं, आणि नेमकं काय गेलं हे प्रोग्रामला शोधता येत नाही. लॉग पाठवणाऱ्या-घेणाऱ्या आरसिसलॉग या प्रोग्रामचे कर्ते आणि आरएफसी ५४२४चे, म्हणजे सिसलॉगच्या प्रमाण व्याख्येचे, लेखक राइनर गेरहार्ड्स यांनी ही फट बुजवायला रेल्प रचला. साधं पत्र आणि पोचपावतीचं रजिस्टर पत्र यांत जो फरक, तोच इथे. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो, घेणारा त्या क्रमांकासह ‘२०० ओके’ परत पाठवतो, आणि ते येईपर्यंत पाठवणारा संदेश स्वतःकडे धरून ठेवतो. लिंक तुटून पुन्हा जुळली की पावती न आलेले संदेश पुन्हा जातात.

चौकट अगदी साधी आहे : व्यवहार क्रमांक, आज्ञा, मजकुराची लांबी, मजकूर, आणि शेवटी नवी ओळ. क्रमांक १ ते ९९,९९,९९,९९९ असा वाढतो आणि पुन्हा १वर येतो. शून्य क्रमांक सर्व्हरच्या सूचनांसाठी राखीव. पावतीची वाट न बघता किती संदेश पुढे पाठवायचे त्याला खिडकी म्हणतात, आणि ती मुळात १२८ची असते. टीएलएस, म्हणजे जोडणीचं कूटीकरण, बंद असेल तर टीसीपीडम्पमध्ये हे सगळं डोळ्यांनी वाचता येतं. पहिल्या दिवशी टीएलएस बंद ठेवूनच तपासा. ‘ओपन’ गेलं, ‘आरएसपी’ आलं, एवढं दिसलं की पुढचं निदान निम्म्याने सोपं होतं.

आता पॅकेज. डेबियनमध्ये लिबरेल्प आहेच, मग आपण का बांधायचं? कारण शेडमधल्या पेट्यांवरची डेबियन जुनी, म्हणून तिच्यातली लायब्ररीही जुनी. आमचा लूमचा एजंट, म्हणजे पेटीवरून नोंदी पाठवणारा प्रोग्राम, थेट लिबरेल्पला जोडलेला आहे आणि त्याला नवी आवृत्ती लागते. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक पेटीवर सोर्स उतरवून ‘मेक इन्स्टॉल’ मारणं. तो वापरू नका. त्याने लायब्ररी युझर-लोकलमध्ये बसते, डिस्ट्रोची तिच्या जागी तशीच राहते, आणि चालू प्रोग्राम दोनपैकी कोणती उचलतो हे लोडरच्या शोधक्रमावर ठरतं. सहा महिन्यांनी सुरक्षेचा अपडेट येतो, डिस्ट्रोची प्रत दुरुस्त होते, आणि प्रत्यक्षात चालणारी प्रत तशीच भोकाची राहते.

भोक हा शब्द उगाच वापरलेला नाही. २०१८ साली लिबरेल्पमध्ये सीव्हीई-२०१८-१०००१४० या क्रमांकाने नोंदलेलं सुरक्षेचं भोक सापडलं, १.२.१४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ते आहे. समोरच्याच्या प्रमाणपत्रातली पर्यायी नावं एका ठरावीक आकाराच्या बफरमध्ये ओळीने लिहिली जात होती, आणि पुढची जागा ‘एसएनप्रिंटएफ’च्या परताव्यावरून काढली जात होती. हे फंक्शन किती अक्षरं लिहिली ते सांगत नाही, जागा असती तर किती लिहिली असती ते सांगतं. नावं लांब असली की मोजणी बफरच्या पुढे जाते, उरलेल्या जागेची वजाबाकी ऋण व्हायच्या ऐवजी प्रचंड मोठा आकडा बनते, आणि मग स्टॅकवर वाट्टेल ते लिहिता येतं. नेटवर्कवर कान लावून बसलेल्या लायब्ररीत असं भोक म्हणजे सर्व्हरचं दार उघडं. स्वतः पॅकेज बांधणाऱ्याने ही जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतलेली असते.

आम्ही १.११.०चा टारबॉल घेतला. गिटहबवरून नुसता कोडचा स्नॅपशॉट घेतला तर त्यात ‘कॉन्फिगर’ फाइल नसते, ती ऑटोरीकॉन्फने बनवावी लागते. डेबहेल्पर या पॅकेज बांधण्याच्या साधनसंचाच्या नव्या पातळ्या हे आपोआप करतात, पण ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल बिल्डच्या खोलीत, म्हणजे फक्त बिल्डसाठी ठेवलेल्या वेगळ्या डेबियनमध्ये, असायला हवेत. पातळी १३ ठेवा, सोर्सचा फॉरमॅट ‘३.० क्विल्ट’. बायनरी पॅकेजं दोन : लिबरेल्प० म्हणजे चालवायची लायब्ररी, आणि लिबरेल्प-डेव्ह म्हणजे हेडर, पीकेजी-कॉन्फिगची फाइल आणि जोडणीची लिंक. पहिल्याच्या नावातलं शून्य हे एसओनेममधलं, म्हणजे लोडर लायब्ररीला ज्या नावाने शोधतो त्यातलं, शून्य आहे, आवृत्तीशी त्याचा संबंध नाही. लायब्ररी १.११ झाली तरी एसओनेम ‘लिबरेल्प.एसओ.०’च आहे. उद्या जुळणी मोडून ते १ झालं तर पॅकेजचं नावही बदलायला हवं, म्हणजे जुनी-नवी शेजारी शेजारी बसू शकतील. डेव्ह पॅकेजने लिबरेल्प०च्या नेमक्या त्याच आवृत्तीवर अवलंबून राहायचं, ‘किमान अमुक’ असं सैल लिहायचं नाही.

बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, डेबहेल्पर, पीकेजी-कॉन्फिग आणि टीएलएस पुरवणाऱ्या जीएनयूटीएलएसचं लिबजीएनयूटीएलएस२८-डेव्ह. नवख्याचा इथे हमखास गोंधळ होतो : डेव्ह पॅकेजच्या नावात २८ आणि चालणाऱ्या लायब्ररीच्या नावात ३०. दोन्ही बरोबर आहेत, नाव जुनं तसंच राहिलं आहे. लिबरेल्प ओपनएसएसएल घेऊनही बांधता येते, पण आम्ही जीएनयूटीएलएसवरच थांबलो. लिबरेल्प जीपीएल ३ परवान्याखाली आहे, आणि ओपनएसएसएलचा ३.०पूर्वीचा परवाना जीपीएलशी जुळत नाही. २०२१मध्ये आलेल्या ३.०पासून तो अपाची २.० झाला आणि अडचण संपली, पण जुन्या डेबियनवर ओपनएसएसएलही जुनंच असतं. परवान्याचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा : लिबरेल्पला जोडलेला एजंट गिऱ्हाइकाला देणार असाल तर त्याचा परवानाही जीपीएलशी जुळणारा हवा. हे विक्रीच्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

बिल्डच्या पायऱ्या सांगणाऱ्या रूल्स फाइलमध्ये टीएलएस चालू ठेवण्याचा पर्याय स्पष्ट लिहा, मूळ सेटिंगवर सोडू नका. स्पष्ट लिहिला की जीएनयूटीएलएस न सापडल्यास कॉन्फिगर तिथेच थांबतं. टीएलएसविना लायब्ररी बनली तर ती बनते सुरळीत, बसतेही सुरळीत, आणि चूक उघडी पडते ती सर्व्हरवर टीएलएस मागितल्यावर आरसिसलॉग सुरू होताना. बिल्ड झाल्यावर ‘रीडएल्फ -डी’ चालवून ‘नीडेड’च्या ओळीत जीएनयूटीएलएस आहे ना, ते बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे, ते बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच टाकून द्या.

पहिला बिल्ड बहुतेकांचा डीएच_मिसिंगवर पडतो. लिबटूल एक ‘.एलए’ फाइल मागे ठेवतं, ती कोणत्याच पॅकेजमध्ये जात नाही, आणि पातळी १३मध्ये उरलेली फाइल म्हणजे थेट चूक. ‘नॉट-इन्स्टॉल्ड’ फाइलमध्ये तिची नोंद करा आणि पुढे चला. इन्स्टॉलच्या यादीत लायब्ररीचा मार्ग लिहिताना मधल्या आर्किटेक्चरच्या फोल्डरच्या जागी तारका घाला. एक्स८६ नाव ठोकून बसवलं तर एआरएमवरचा बिल्ड पडतो.

सिम्बॉल्स फाइलवर मात्र वेळ घालवा. पॅकेज बांधण्याच्या कामात आमच्या मते सर्वांत मोलाची फाइल हीच, आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच. लायब्ररी बाहेरच्यांना कोणती फंक्शनं देते आणि प्रत्येक फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून आहे, याची ती यादी. एजंटचं पॅकेज बनताना डीएच_एसएचलिबडेप्स ही यादी बघतं, एजंटने खरोखर वापरलेली फंक्शनं शोधतं, आणि त्यावरून ‘लिबरेल्प० किमान अमुक आवृत्ती’ अशी अट लिहितं. यादी नसेल किंवा तिच्यात आवृत्त्या चुकीच्या असतील तर अट सैल पडते. मग एपीटी जुन्या लायब्ररीवरही एजंट आनंदाने बसवतं.

त्यापुढे जे होतं ते नीट समजून घ्या. डेबियनमध्ये मुळातली जोडणी आळशी असते, म्हणजे फंक्शनचा पत्ता ते पहिल्यांदा बोलावलं जाईपर्यंत शोधला जात नाही. एजंट सुरू होतो, जोडणी होते, संदेश जातात, चाचणी हिरवी. समजा नवं फंक्शन फक्त पुन्हा जोडणी करण्याच्या वाटेवर वापरलं आहे. ते बोलावलं जातं लिंक तुटल्यावर. लाइट जाते, लिंक पडते, एजंट पुन्हा जोडायला जातो, ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून मरतो, आणि हातातले सगळे संदेश घेऊन जातो. ज्या क्षणासाठी लायब्ररी घेतली, त्याच क्षणी दगा. म्हणून दोन बंदोबस्त हवेत. एक, सिम्बॉल्स फाइल आणि डीएच_मेकएसएचलिब्सला ‘-सी४’, म्हणजे एखादं फंक्शन वाढलं किंवा गळालं तरी बिल्ड थांबेल आणि माणसाला बघावं लागेल. मूळ पातळी १ असते, ती फक्त गळालेल्यांवर थांबते. दोन, एजंट आणि लायब्ररी दोन्हींच्या रूल्समध्ये हार्डनिंगचा ‘+ऑल’, ज्यात बाइंडनाऊ येतं. मग सगळे पत्ते सुरुवातीलाच शोधले जातात आणि काही कमी असेल तर एजंट सुरूच होत नाही. तो टेबलावर पडलेला चालतो, रात्रपाळीला शेडमध्ये पडलेला चालत नाही. उबुंटूचा कंपायलर बाइंडनाऊ आपणहून लावतो, त्यामुळे उबुंटूच्या लॅपटॉपवर तपासून डेबियनवर पाठवणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

सिम्बॉल्स फाइल पहिल्यांदा डीपीकेजी-जेनसिम्बॉल्सने बनवली की प्रत्येक ओळीत तुमचीच डेबियन आवृत्ती येते, शेवटच्या ‘-१’सकट. तो काढा, नाहीतर बॅकपोर्टवर, म्हणजे जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या प्रतीवर, अट पूर्ण होत नाही. पॅकेज तपासणारा लिंटियनही त्यावर बोट ठेवतो. जुन्या फंक्शनांना खरी जुनी आवृत्ती द्यायची असेल तर डेबियनच्या अधिकृत पॅकेजमधली फाइल उचला, ती बरीच वर्षं सांभाळलेली आहे. आणि हो, ऐकणाऱ्या सॉकेटच्या फंक्शनांच्या नावात ‘लिसनर’चं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकलेलं आहे. ते दुरुस्त करायची खुमखुमी आली तर आवरा. ते स्पेलिंग आता लायब्ररीच्या कराराचा भाग आहे, आरसिसलॉग त्याच नावाने हाक मारतो.

ही यादी नावं तपासते, अर्थ तपासत नाही. फंक्शनचं नाव तेच राहून आतला एखादा पॅरामीटर बदलला तर सिम्बॉल्स फाइल गप्प बसते. त्यासाठी जुनी आणि नवी, दोन्ही डीबग-माहितीसकट घेऊन एबीआयडिफ चालवतो.

बिल्ड नेहमी स्वच्छ खोलीत करा, एसबिल्ड असो वा पीबिल्डर. रोजच्या कामाच्या मशीनवर शंभर डेव्ह पॅकेजं आधीच बसलेली असतात, त्यामुळे बिल्ड-डिपेंड्समधली उणीव तिथे कळत नाही. लिबरेल्पच्या स्वतःच्या चाचण्या लूपबॅकवर पोर्ट उघडून पाठवणारा आणि घेणारा असे दोन छोटे प्रोग्राम चालवतात. त्या एकाच वेळी समांतर सोडल्या की पोर्टवरून भांडण होतं आणि चाचणी पडते, कोड बरोबर असूनही. डीएच_ऑटो_टेस्टला ‘--नो-पॅरलल’ द्या. ‘नोचेक’ लावून चाचण्याच बंद करण्याचा मोह होतो, पण या लायब्ररीला ते परवडणारं नाही.

शेडमधल्या पेट्या एआरएमच्या. तिथे एक खड्डा असा की डेबियनचं ‘आर्मएचएफ’ एआरएमव्ही७साठी बांधलेलं असतं आणि रास्पबेरी पायच्या ३२ बिटी ओएसचं एआरएमव्ही६साठी. दोघांचं आर्किटेक्चरचं नाव एकच, म्हणून डीपीकेजी तक्रार करत नाही. पॅकेज बसतं आणि जुन्या पाय किंवा पाय झिरोवर प्रोग्राम ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतो. ज्या ओएसवर चालवायचं त्याच ओएसच्या खोलीत बांधा. क्यूईएमयूमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, बांधलं तर काम होतं, पण ते इतकं संथ चालतं की चाचण्यांची वेळमर्यादा उलटते. आम्ही फक्त त्या बिल्डपुरत्या चाचण्या बंद ठेवतो आणि खऱ्या पेटीवर ऑटोपीकेजीटेस्ट चालवतो : पीकेजी-कॉन्फिगने छोटा प्रोग्राम कंपाइल करायचा, घेणारा सुरू करायचा, हजार क्रमांकित संदेश पाठवायचे आणि पलीकडे मोजायचे.

कॉपीराइट फाइल, वॉच फाइल, चेंजलॉग ही कामं लिंटियन सांगेल तशी उरकता येतात. आवृत्तीचा आकडा मात्र विचार करून द्या. बॅकपोर्टसारखा ‘१.११.०-१’च्या पुढे टिल्डे (~) आणि मग आपलं छोटं चिन्ह. डीपीकेजीच्या क्रमात टिल्डे रिकाम्यापेक्षाही लहान असतो, म्हणून डिस्ट्रोत खरा १.११.०-१ आला की तो आपोआप मोठा ठरतो आणि आपल्याला बाजूला सारतो. अधिकच्या चिन्हाने स्वतःला मोठं ठरवणारी पॅकेजं सुरक्षेचे अपडेट अडवून बसतात.

लायब्ररी झाली म्हणजे नोंदी सुरक्षित झाल्या, असं मात्र नाही. रेल्पचा शब्द फक्त तारेपुरता आहे. पाठवणाऱ्या पेटीत नोंद रांगेत असताना लाइट गेली तर रेल्प काही करू शकत नाही. म्हणून आम्ही लायब्ररीबरोबर एक छोटं कॉन्फिग-पॅकेजही बांधतो, त्यात आरसिसलॉगची रांग ठरवलेली असते. इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक नमुन्यांत रांग ‘लिंक्डलिस्ट’ प्रकारची आणि तिला फाइलचं नाव दिलेलं असतं. ती मेमरीतली रांग आहे. मेमरी भरत आली की मगच डिस्कवर सांडते. बंद होताना जतन करण्याचा पर्याय चालू असला तरी तो नीट बंद केल्यावर लागू, प्लग उपटल्यावर नाही. यूपीएस नसलेल्या पेटीवर रांग ‘डिस्क’ प्रकारचीच हवी. त्यातही चेकपॉइंटचं अंतर मुळात शून्य असतं, म्हणजे रांगेचा हिशेब ठेवणारी ‘.क्यूआय’ फाइल फक्त बंद होतानाच लिहिली जाते. लाइट गेली की रांगेच्या फाइली डिस्कवर दिसतात, पण हिशेबाची फाइल नसल्याने आरसिसलॉग त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. चेकपॉइंट १० ते १०० संदेशांमागे एक ठेवा, रांगेच्या फाइली सिंक करण्याचा पर्याय चालू करा, पुन्हा प्रयत्नांची संख्या उणे १ म्हणजे अमर्याद ठेवा, आणि डिस्कच्या जागेला कमाल मर्यादा घाला. मर्यादा विसरलात तर लिंक बंद असलेल्या आठवड्यात एसडी कार्ड भरून पेटीच बंद पडते. एवढ्या लिखाणाने कार्ड लवकर झिजतं हेही खरं, आणि मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमधलं तापमान त्यात भर घालतं. आम्ही जास्त टिकाऊ औद्योगिक कार्ड घेतो आणि ते बदलण्याचा खर्च आधीच धरतो.

सर्व्हरच्या बाजूची फटही तशीच. घेणाऱ्या आरसिसलॉगने संदेश आपल्या मुख्य रांगेत घेतला की पावती जाते. ती रांग मेमरीत असेल तर पावती गेलेला संदेशही सर्व्हर पडल्यावर जाऊ शकतो. सर्व्हरला यूपीएस हा यावरचा स्वस्त उपाय.

पेट्यांमध्ये बॅटरीचं घड्याळ नसतं, त्याचाही फटका बसतो. वीज परत आली की पेटी जुन्या वेळेवर उठते. सर्व्हरचं प्रमाणपत्र गेल्या आठवड्यात नवं केलं असेल आणि पेटीची वेळ त्याआधीची असेल, तर टीएलएस म्हणतं हे प्रमाणपत्र अजून लागूच नाही, आणि जोडणी नाकारतं. एनटीपीने वेळ जुळली की सगळं सुरळीत, पण एनटीपी फायरवॉलने अडवलेलं असेल तर पेटी कायमची मुकी. तोवरच्या नोंदींवर वेळही चुकीची पडते, म्हणून सर्व्हरवरच्या टेम्पलेटमध्ये पाठवणाऱ्याची वेळ आणि आपल्याला मिळाल्याची वेळ दोन्ही लिहून ठेवा.

मग तपासणी. केबल काढून बघणं ही अपुरी परीक्षा आहे, कारण केबल काढली की इंटरफेस लगेच ‘डाउन’ होतो आणि पेटीला ते कळतं. खरा त्रास होतो तो मधलं उपकरण मेल्यावर, जेव्हा पाकिटं नुसती गिळली जातात. त्यासाठी आयपीटेबल्समध्ये आमच्या रेल्पच्या २५१४ पोर्टवर ‘ड्रॉप’ लावा, ‘रिजेक्ट’ नको. पाठवणाऱ्या मोड्यूलची वाट बघण्याची मुदत मुळात ९० सेकंद असते, म्हणून ड्रॉप निदान पाच मिनिटं ठेवा, नाहीतर पुन्हा जोडणीची वाट तपासलीच जात नाही. क्रमांकित संदेश सोडत राहा, मधूनच पेटीचा प्लग काढा, लावा, ड्रॉप उठवा, आणि सर्व्हरवर क्रमांक लावून मोजा. गाळलेला क्रमांक एकही नको. दुहेरी क्रमांक येणार, त्याने दचकू नका : संदेश पोचला पण पावती वाटेत हरवली, तर पाठवणारा तो पुन्हा पाठवतोच. दुहेरी नोंद गाळण्याचं काम अहवालाच्या वेळी करायचं, म्हणून प्रत्येक नोंदीत पेटीचं नाव आणि आपला क्रमांक हवा.

या परीक्षेत दोन गोष्टींचा आळ हटकून रेल्पवर येतो. पहिली जर्नलडी, म्हणजे पेटीवरच्या नोंदी आधी घेणारा सिस्टमडीचा प्रोग्राम. लॉगर कमांडने धडाधड संदेश सोडले की जर्नलडी ३० सेकंदांत दहा हजारांनंतरचे गाळतो, आणि ते आरसिसलॉगपर्यंत पोचतच नाहीत. जर्नलमध्ये ‘सप्रेस्ड’ची ओळ शोधा, सापडली तर परीक्षाच चुकली. दुसरी संदेशाची लांबी. आरसिसलॉगची मूळ कमाल लांबी ८ केबीच्या आसपास आहे. फायरवॉलचे काही संदेश त्याहून लांब असतात आणि त्यांची शेपटी कापली जाते. दोन्ही टोकांना ती वाढवायची, एकाच टोकाला वाढवून उपयोग नाही.

वाटप रेप्रेप्रोने बनवलेल्या, सही केलेल्या आपल्या रेपॉझिटरीतून. एपीटीच्या सेटिंगमध्ये पुन्हा प्रयत्नांची संख्या ३-४ करा, कारण चिंचोळी एमआयडीसीसारख्या लांबच्या जागी लाइन मधेच तुटते. आधी सर्व्हर, मग एक पेटी, दुसऱ्या दिवशी बाकीच्या. नवी लायब्ररी बसली तरी चालू असलेला आरसिसलॉग जुनीच मेमरीत धरून बसतो. लायब्ररीचं पॅकेज त्याला रीस्टार्ट करत नाही, ते आपण करायचं. प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये लिबरेल्पपुढे ‘डिलीटेड’ दिसलं म्हणजे रीस्टार्ट राहिला आहे. नीडरीस्टार्ट हेच बघून सांगतं. रीस्टार्ट पाळी बदलताना करा, तेव्हा बरेचसे माग थांबलेलेच असतात आणि रांग लहान असते.

पुढे पेट्यांची डेबियन बदलली आणि डिस्ट्रोची लायब्ररी आपल्याइतकी नवी झाली, की ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ चालवून बघा. टिल्डे बरोबर दिला असेल तर वरची निवड डिस्ट्रोची दिसेल. मग आपल्या रेपॉझिटरीतून लिबरेल्प काढून टाका, आणि एजंट व कॉन्फिगचं पॅकेज तेवढं ठेवा.